चाखील तो राखील

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्यमासा ठरवले. किनारपट्टीला ते शोभूनही दिसले. पण मुंबईपासून रेल्वेने हजार किलोमीटरच्या आसपास असलेल्या गोंदिया जिल्ह्यात पापलेट हा बाजारात बर्फातून येणारा पाहुणा आहे. इथला घरचा मासा म्हणजे मरळ. शेजारच्या तेलंगणाने २०१६ मध्ये मरळीलाच राज्यमाशाचा मान दिला. मरळ राहते तळ्यात, बोडीत आणि धानाच्या बांधीत. उन्हाळ्यात पाणी आटून चिखल उरला तरी ती तग धरते, कारण पाण्यातल्या प्राणवायूवरच तिची भिस्त नसते. वर येऊन ती हवाही घेते. शिंगी आणि मांगूर याच कुळाचारातले. नर-मादी मिळून पिलांची राखण करतात, हेही मरळीचे वैशिष्ट्य. लालसर पिलांचा थवा पृष्ठभागावर हलताना दिसला की खाली आई-बाप आहेत हे जाणकार ओळखतो. हा थवा वाढायला दोन गोष्टी लागतात : काठाशी उथळ पाणी आणि त्यात पाणवनस्पतींचा आडोसा. गोंदियातल्या तळ्यांची खरी कहाणी या आडोशाची आहे, आणि तो राखतो कोण, या प्रश्नाची.

जगात अनेक ठिकाणी या प्रश्नाचे उत्तर गळ टाकणाऱ्या हौशी लोकांच्या क्लबांनी दिले आहे. आपल्याकडेही मुंबईत पवई तलावाच्या काठी महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन अनेक दशके उभी आहे. गोंदियात गरी टाकणारे पुष्कळ आहेत, पण मासे धरणाऱ्यांची संघटना म्हटली की समोर येते ती मच्छीमार सहकारी संस्था. तिचे सभासद बहुतांशी ढिवर समाजातले असतात आणि मासेमारी ही त्यांची हौस नसून चूल आहे. त्यामुळे पर्यावरणाच्या चर्चेत त्यांच्याकडे बहुधा संशयाने पाहिले जाते. ‘तळे राखील तो पाणी चाखील’ ही म्हण आपण डोळे मिचकावूनच वापरतो. राखणदारावर नजर ठेवा, हा तिचा इशारा. मला वाटते, गोंदियाचा अनुभव ही म्हण उलटी वाचायला लावतो. ज्याला पाणी चाखण्याचा पक्का, टिकाऊ हक्क मिळतो, तोच तळे राखतो. हा हक्क तोकडा झाला की राखणही तोकडी होते, मग तळ्याच्या काठावर कितीही फलक लावा.

पूर्व विदर्भाला तळ्यांचा प्रदेश म्हणतात ते उगाच नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात साडेसहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. त्यातले बरेच कोहळी समाजाच्या हातचे. गोंड राजवटीत जो तळे बांधील त्याला त्या पाण्याखाली येणारी जमीन मिळे, असे परंपरा सांगते. आणि उताराचा अंदाज घेऊन मातीची पाळ घालण्याच्या कामात कोहळ्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नवेगाव बांधचा सुमारे ११ चौरस किलोमीटरचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात. लोकांनी पुढे त्यांना कोलासूर देव म्हणून पुजले. तळे बांधणाऱ्याचा देव करणारा हा मुलूख आहे. पण या इतिहासाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. मालगुजारी ही सरंजामी व्यवस्था होती. पाळ मालगुजाराची, माती वाहणारे हात गावकऱ्यांचे आणि पाण्यात उतरणारा ढिवर उतरंडीत खाली. तरीही त्या व्यवस्थेत एक गोष्ट पक्की होती : तळे फुटले तर कोणाचे नुकसान होणार आणि दुरुस्ती कोण करणार, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. हितसंबंध आणि जबाबदारी एकाच ठिकाणी नांदत होती.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ती जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर हितसंबंध आणि जबाबदारी यांची गाठही सुटली. तळी सरकारजमा झाली. राज्ये बदलली, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, आणि पुढे कुठले तळे पाटबंधारे खात्याकडे, कुठले जिल्हा परिषदेकडे, कुठले ग्रामपंचायतीकडे अशी वाटणी झाली. सिंचनाचा हिशेब एका कार्यालयात, माशांचा दुसऱ्या, काठच्या झाडांचा तिसऱ्या. मासेमारीचा हक्क सहकारी संस्थांना मिळू लागला, हे मोठेच पुढचे पाऊल होते. पण तो मिळाला ठरावीक वर्षांच्या ठेक्याने. पाळीला भगदाड पडले तर संस्थेला अधिकार नाही, बांधीतल्या औषधाचे पाणी तळ्यात उतरले तर दाद मागायला जागा नाही, आणि पुढच्या खेपेला ठेका आपल्यालाच मिळेल याची शाश्वती नाही. अशा माणसाने दहा वर्षांनी फळ देणारे काम का करावे? दरम्यान काठावर बेशरम माजली. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती गुरे तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावली गेली आणि तळ्यांत उतरली. तिचे नावच तिचे वर्णन आहे : तोडा, फेका, ओल्या चिखलात पडलेला तुकडा पुन्हा मूळ धरतो. मरळीला, शिंगीला हवा असलेला उथळ काठ तिने गिळला आणि गाळ धरून ठेवला. तळे नकाशावर तेवढेच राहिले, माशांसाठी मात्र आकसले.

दुसरा बदल शुभहेतूने झाला. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात संप्रेरकाच्या मदतीने कार्प माशांचे प्रजनन यशस्वी केले. हा दिवस देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात, आणि तो मान रास्त आहे. रोहू, कतला, मृगळ हे मासे वाहत्या नदीत, पुराच्या पाण्यात अंडी घालतात; साचल्या तळ्यात त्यांची वीण होत नाही. चौधुरींच्या शोधामुळे मत्स्यजिरे हवे तेवढे तयार करता येऊ लागले आणि गावोगावच्या तळ्यांत बोटुकली सोडली जाऊ लागली. कतला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकाच पाण्यात तिघांची सोय. उत्पादन वाढले, संस्थांच्या हाती पैसा आला. पण त्याबरोबर तळ्याकडे पाहण्याची नजर बदलली. तळे म्हणजे बीज ओतायचे आणि वजन काढायचे भांडे झाले. कार्पच्या पिलांना खाते म्हणून मरळ शत्रू ठरली. जाळे ओढायला अडचण म्हणून पाणवनस्पती हा कचरा ठरला, आणि तो खायला गवत्या मासा आणून सोडला गेला. त्याने नेमून दिलेले काम चोख केले. आडोसा गेला तशी मरळ, शिंगी, मांगूर, झिंगे आणि कितीतरी बारीक मासे कमी झाले. जे मासे स्वतःच तळ्यात वीण घालत होते, त्यांच्या जागी दरवर्षी विकत आणावे लागणारे मासे आले.

या टप्प्यावर अर्जुनी मोरगाव तालुक्यात जे घडले ते नीट समजून घेण्याजोगे आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या माध्यमातून मनीष राजनकर यांनी ढिवरांकडचे ज्ञान नोंदवायला सुरुवात केली : कोणती वनस्पती किती खोलीत वाढते, कोणता मासा कुठे अंडी घालतो, कोणता पक्षी कशावर जगतो. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात एकेक जात सुटी भेटते. या लोकांच्या बोलण्यात ती माशाशी, ऋतूशी, चिखलाच्या पोताशी जोडलेली होती. त्यातून कामाची पद्धत ठरली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की बेशरम मुळासकट उपटायची. उघडी पडलेली जमीन नांगरून भुसभुशीत करायची. पाऊस पडून पाणी भरू लागले की दुसऱ्या चांगल्या तळ्यातून आणलेल्या स्थानिक वनस्पती लावायच्या : पाण्याखाली वाढणाऱ्या हायड्रिला, वॅलिस्नेरिया, आणि पानांची चकती वर तरंगत ठेवणाऱ्या कुमुदिनीसारख्या. शेतात रोवणी करावी तशी ही तळ्यातली रोवणी. निमगावच्या शालू कोल्हे यांच्यासारख्या स्त्रियांनी गटांना एकत्र आणून हे काम पुढे नेले. घरोघर मासळी विकणाऱ्या, तळ्याशी रोजचा संबंध असलेल्या स्त्रियांना तोवर निर्णयात जागा नव्हती. चिखलात उभे राहून त्यांनी ती मिळवली. जिथे आडोसा परत आला तिथे स्थानिक मासे परतले, आणि त्यांच्या मागोमाग पाणपक्षीही. महाराष्ट्रात सारस क्रौंच उरला आहे तो मुख्यतः या जिल्ह्यात, आणि तोही अशाच तळ्यांच्या व धानाच्या बांध्यांच्या आधाराने, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

असा पक्का हक्क देण्यावरचा पहिला आक्षेप म्हणीतलाच आहे. चाखणाऱ्याच्या हाती तळे दिले तर तो ओरबाडणार नाही कशावरून? आक्षेप पोकळ नाही. पावसाळ्यात गाभोळीने भरलेले मासे धरणे सोपे असते, बारीक आसाचे जाळे बोटभर पिलूही सोडत नाही, आणि मरळीच्या पिलांचा थवा दिसला की आई-बापांना टिपण्याचा मोह जुना आहे. पाण्यात विष कालवणे आणि सुरुंग लावणे यांना १८९७ च्या मत्स्य कायद्याने बंदी घातली, त्याअर्थी ते प्रकार तेव्हाही चालत होतेच. पण ही बंदी सव्वाशे वर्षे अमलात आणली कोणी? जिल्ह्यातल्या शेकडो तळ्यांवर सरकारी पहारा शक्य नाही. रात्री पाण्यात कोण उतरले हे गावातल्या माणसाला कळते, आणि त्याने ते सांगावे यासाठी त्या पाण्यात त्याचे काही असावे लागते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते साधारण याच विषयावरच्या अभ्यासासाठी : वापरणाऱ्यांची हद्द ठरलेली असेल, नियम त्यांनीच केलेले असतील, एकमेकांवर देखरेख असेल आणि वरची सत्ता त्या नियमांना मान देत असेल, तर सामायिक संपत्ती वर्षानुवर्षे टिकते. ओरबाडतो तो बहुधा उद्याची खात्री नसलेला. ठेक्याच्या शेवटच्या वर्षी तळे निपटून काढणे हा स्वभावदोष म्हणण्यापेक्षा त्या करारातूनच निघणारा हिशेब आहे.

हक्काने राखणीला बळ कसे मिळते याचे एक लखलखीत उदाहरण इंग्लंडच्या डर्बी शहराचे आहे. तिथे डर्वेंट नदीत कृत्रिम धाग्याच्या कारखान्याचे सांडपाणी, नगरपालिकेचा मैला आणि वीजकेंद्राचे गरम पाणी जात होते. प्राईड ऑफ डर्बी या गळ टाकणाऱ्यांच्या संघाने एका जमीनमालकासह तिघांनाही न्यायालयात खेचले. पुढे अपील न्यायालयाने संघाच्या बाजूने मनाईहुकूम कायम केला. हौशी मासेमारांचा संघ एवढ्या बड्या धेंडांना नमवू शकला, कारण त्या पाण्यातला मासेमारीचा हक्क कायद्याच्या नजरेत त्याची मालमत्ता होती. नदी घाण झाली एवढे सांगून भागले नसते. आमच्या मालमत्तेची हानी झाली, हे त्याला सांगता आले. आपल्याकडेही कायद्यात बीज आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांमध्ये पाणवठ्यांतले मासे आणि इतर उत्पन्न यांचा स्पष्ट समावेश केला आहे. मात्र तो वनक्षेत्रातल्या पाण्यापुरता आहे. गावाच्या कुशीतल्या मालगुजारी तलावावर मासे धरणारी संस्था कागदोपत्री अजून ठेकेदारच राहते. ठेकेदार तक्रार करतो. हक्कदार दावा करतो.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खुद्द मच्छीमारांच्या तोंडूनही येतो. रोहू-कतला झटपट वाढतात, बाजारात वजनाने विकले जातात; बारीक गावठी माशांवर घर चालते का? कार्प काढून टाका असे कोणी शहाणा म्हणणार नाही. प्रश्न प्रमाणाचा आणि हिशेबाच्या पद्धतीचा आहे. कार्पच्या उत्पन्नातून बीजाचा, वाहतुकीचा, मेलेल्या बोटुकल्यांचा खर्च दरवर्षी वजा होतो. आणि पाऊस दगा देऊन तळे लवकर आटले तर कार्प जगत नाही. मरळ, शिंगी, मांगूर यांना बीजाचा खर्च नाही, कमी पाण्यात ते टिकतात, आणि जिवंत मरळीला मिळणारा भाव कार्पला मिळत नाही. बारीक मासे बाजारात स्वस्त असले तरी ते काट्यासकट खाल्ले जातात आणि घरातल्या मुलांना चुना व जीवनसत्त्वे पुरवतात. ते वजनकाट्यावर चढत नाहीत, थेट कालवणात जातात, म्हणून कोणत्याच वार्षिक अहवालात दिसत नाहीत. जे मोजले जात नाही ते गेल्याचेही कळत नाही. म्हणून गवत्या मासा न सोडता कार्पची संख्या बेताची ठेवावी आणि काठाचा पट्टा गावठी माशांसाठी राखावा, हा मधला मार्ग भावनेपेक्षा व्यवहाराचा आहे.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा. तळी बांधली धानासाठी; माशांसाठी पाणी अडवून ठेवायचे का? गर्भात आलेला धान पाण्यावाचून करपत असताना तळाशी पाणी राखून ठेवा म्हणणे सोपे नाही, आणि ते वरून हुकूम काढून होणारही नाही. पण शेतकरी आणि ढिवर यांचे हित जितके विरोधी दिसते तितके नाही. उथळ काठ, बांध्या आणि तळे ही माशांच्या येण्या-जाण्याची एकच वाट आहे. बांधीत औषधाचा मारा कमी झाला तर दोघांचा लाभ. तळातल्या डोहात थोडे पाणी राहिले तर गुरांनाही प्यायला मिळते आणि विहिरींनाही झिरपा लागतो. गाळाचेही तसेच. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ शेतात जातो, साठवण वाढते, हे उत्तमच. पण यंत्र चालवणाऱ्याला घनमीटर कळतात, काठ कळत नाही. तळे सरसकट खोल खणले, कडा उभ्या कापल्या, की पाणी वाढते आणि माशांचा पाळणा नाहीसा होतो. बियांनी, कंदांनी भरलेला वरचा थर ट्रॉलीतून निघून जातो. कुठे खणायचे आणि कुठे हात लावायचा नाही हे सांगणारा माणूस गावातच असतो. खणण्यापूर्वी त्याला विचारायला पैसे लागत नाहीत.

या सगळ्यातून निघणारी मागणी मोठ्या योजनेची नाही. तळ्याच्या ठेक्यात आज रक्कम असते, मुदत असते, किती बीज सोडायचे ते असते. त्यात आणखी चार गोष्टी याव्यात. मुदत इतकी लांब असावी की आज लावलेल्या वनस्पतींचे फळ लावणाऱ्यालाच मिळेल. विणीच्या काळात कोणता काठ बंद ठेवायचा आणि जाळ्याचा आस किती हे संस्थेने ठरवावे, ग्रामसभेने मान्य करावे. तळात किती पाणी राखायचे याचा करार शेतकरी आणि संस्था यांनी एकत्र बसून करावा. आणि ठेक्याचे नूतनीकरण करताना सोडलेल्या बोटुकल्यांबरोबर काठही पाहावा : बेशरम किती हटली, आडोसा किती वाढला, गावठी माशांच्या किती जाती जाळ्यात आल्या. बिगरढिवर भूमिहीनांनी, स्त्रियांनी संस्थेत यावे का, हा अवघड प्रश्न यातून आपोआप सुटणार नाही. हक्क पक्का करताना तो मूठभरांचा होऊ नये, याची दक्षता मालगुजारीचा इतिहास असलेल्या जिल्ह्याने तरी घ्यायलाच हवी. कोलू पाटलांना तळे बांधण्याच्या बदल्यात जमिनीचा हक्क मिळाला, आणि त्या एका सौद्यावर इथल्या तळ्यांची परंपरा उभी राहिली. तळे जिवंत ठेवणाऱ्यांशी मात्र तसा सौदा अजून कोणी केलेला नाही. मृगाच्या पावसाआधी बेशरम उपटायला चिखलात उतरणाऱ्यांच्या हातात आजही ठेक्याची पावती आहे, आणि तिच्यावर मुदतीची तारीख छापलेली आहे.